झोपाळ्याशेजारची फुलदाणी

मी पितळेची फुलदाणी बोलतेय. चौलच्या एका वाडीतल्या घरात, ओटीवर, झोपाळ्याच्या शेजारी मी उभी असते. माझी कहाणी ऐकायची असेल तर बसा, पण तोंडात पान असेल तर आधी बाहेर जाऊन थुंकून या. अंगणात नको, पार कुंपणापलीकडे जा. मी थांबते.

आलात? मग ऐका. माणसाच्या हातापायांबद्दल माझी काही तक्रार नाही. तोंडाची मात्र मला शिसारी आहे. माणूस तोंडाने देवाचं नाव घेतो, लेकरांना हाका मारतो, हे सगळं मी ऐकलंय. पण मी ते तोंड वरून, अगदी जवळून, उघडं पाहिलंय. तुम्ही पाहिलं असतं तर तुमच्याही घशाखाली घास उतरला नसता. कारण मी जन्मले ती फुलदाणी म्हणून नाही, पिकदाणी म्हणून.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. रेवदंड्याचे गुणाजीशेट पेणच्या तांबटाकडे आले. नारळी-पोफळीची मोठी वाडी, चौसोपी घर, आणि धरलेली कंबर. त्यांना खाली वाकता येत नसे. चारचौघांच्या घरी असते तशी बुटकी, पसरट पिकदाणी त्यांच्या उपयोगाची नव्हती.

"उंच कर," ते तांबटाला म्हणाले. "झोपाळ्यावर बसल्या बसल्या नेम धरता आला पायजे."

"शेट, गुडघ्याएवढी व्हईल," तांबट हसला.

"व्हऊ दे. वाकायचा माझा जीव न्हाय."

अशी मी घडले. गोल पोट, लांब बारीक मान, आणि वर धोतऱ्याच्या फुलासारखं उमललेलं तोंड. तांबटाने मला चिंचेने घासून उन्हात ठेवलं तेव्हा मी इतकी झळकत होते की रस्त्याने जाणारी माणसं वळून बघत. मला वाटलं, माझ्यात गंगेचं पाणी भरतील, निदान गुलाबपाणी तरी. तांबटाच्या दुकानात माझ्या शेजारी ठेवलेला साधा तांब्यासुद्धा माझ्याकडे आदराने बघत होता. त्याला काय ठाऊक, आणि मला तरी काय ठाऊक!

गुणाजीशेटांच्या पडवीत मला झोपाळ्यासमोर ठेवलं. शेट झोपाळ्यावर बसायचे, पायाने रेटा द्यायचे. झोपाळा मागे जायचा तेव्हा पान चघळायचे, पुढे यायचा तेव्हा पिंक टाकायचे. मागे गेला की चघळ, पुढे आला की थूक. दिवसभर हेच. नेम बसला तर माझ्या घशात, चुकला तर माझ्या मानेवरून ओघळत जमिनीवर. वाडीचे व्यवहार, गावचे तंटे, सोयरिकी, सगळं या झोपाळ्यावर ठरायचं, आणि प्रत्येक शहाण्या वाक्याच्या शेवटी माझ्यात काहीतरी येऊन पडायचं. भेटायला येणारे पाहुणेही मागे राहत नसत. कुणाला खोकला, कुणाला कफ. दुपारच्या उन्हात ते सगळं आत तापायचं आणि माश्या माझ्या ओठांवर फेर धरायच्या. मला नाक नाही असं तुम्हाला वाटत असेल. तो तुमचा गैरसमज आहे.

त्या घरात माझ्याइतकी किळस आणखी एकाच जिवाला येत होती. ती म्हणजे गुणाजीशेटांची सून, भागुबाई.

मला रिकामी करून घासायचं काम तिचं. रोज सकाळी चहा-पाण्याच्या आधी मला अंगापासून लांब धरून ती परसातल्या विहिरीवर न्यायची. तोंड फिरवून मला उलटी करायची. मग राख आणि नारळाचा काथ्या घेऊन घासत बसायची. माझी मान लांब आणि बारीक. पोट आणि मान जिथे जुळतात तिथे आतून एक खाच आहे. तिथे काथ्या पोचत नाही. तिथे बोटंच घालावी लागतात. भागुबाई दोन बोटं घालायची आणि डोळे घट्ट मिटून घ्यायची.

तिच्या सासरच्या वाडीत सोनचाफा होता. विहिरीच्या काठालाच. उन्हाळ्यात सगळं परस घमघमायचं. शेजारणी येऊन फुलं तोडून न्यायच्या, अंबाड्यात खोवायच्या. भागुबाईच्या केसांत मी कधी फूल पाहिलं नाही. तिची जाऊ एकदा म्हणाली, "अगं, दाराशी चाफा असून तू बोडकी कशी?"

भागुबाईने आपले हात पुढे केले. "वास घे," ती म्हणाली.

जावेने नाक मुरडलं.

"याच हातांनी फूल माळू?" भागुबाई म्हणाली आणि पुन्हा काथ्या हातात घेतला.

तिला दिवस गेले तेव्हाची गोष्ट तर विसरता विसरवत नाही. सकाळी सकाळी तिला उलट्यांचा त्रास होत होता. मला घेऊन विहिरीवर आली, तिने मला उलटं केलं, आणि तिथेच भिंतीला धरून ओकली. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिली. इतक्यात पडवीतून हाक आली, "भांडं झालं का गं? तोंड भरलंय माझं!"

भागुबाईने मला दोन्ही हातांत उचललं आणि विहिरीच्या दगडावर आपटलं. एकदाच, पण सगळ्या ताकदीने. माझ्या पोटाला अंगठा मावेल एवढा पोचा पडला. मग तिने मला धुतलं, पुसलं आणि मुकाट्याने झोपाळ्यासमोर नेऊन ठेवलं. "हातातून सटकलं," एवढंच तिने सांगितलं. मला राग आला नाही. माझे हात असते तर मीही तेच केलं असतं.

पुढे गुणाजीशेट वारले. मुलगा हिरामण म्हणजे भागुबाईचा नवरा, त्याने मला मोडीत काढलं. त्याने पान सोडलं होतं म्हणून नव्हे हो. त्याला पिकदाणीची गरजच नव्हती. भिंतीचा कोपरा, जिन्याचा कठडा, तुळशीमागची जागा, त्याला काहीही चालायचं. मी घरातून निघाले तेव्हा भागुबाई भिंत खरवडत बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिची सुटका झाली नव्हती, फक्त भांडं बदललं होतं.

मोडवाल्याने मला मुंबईला नेलं. तिथल्या एका दुकानदाराने घासूनपुसून मला काचेमागे ठेवलं आणि एका गोऱ्या मडमेने मला उचललं. तिने मला मान वाकडी करून पाहिलं, आनंदाने चीत्कारली आणि बंगल्यावर नेऊन जेवणाच्या टेबलाच्या मधोमध उभं केलं. मग बागेतली फुलं आणून माझ्यात खुपसली.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घशाखाली स्वच्छ पाणी उतरलं. मला रडू आलं असतं, पण स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या नोकरांकडे माझं लक्ष गेलं. खानसामा तोंडावर फडकं दाबून हसत होता. त्या बंगल्यात मी काय आहे हे सगळ्या नोकरांना ठाऊक होतं. फक्त टेबलावर बसून सूप पिणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंही नाही. नोकरांना तेवढीच करमणूक.

आणि ती फुलं तरी! दोन दिवस बरी दिसायची. मग पाणी बदलायचं कुणाच्या ध्यानात राहत नसे. देठ कुजायचे, पाणी हिरवट, बुळबुळीत व्हायचं. वरून पाकळ्या टवटवीत आणि खाली माझ्या पोटात घाण. पाहुणे म्हणायचे, काय सुंदर! मला गुणाजीशेट आठवायचे. त्यांच्या घाणीत निदान ढोंग तरी नव्हतं.

साहेबाची बदली झाली, बंगल्याची आवराआवर निघाली. साहेबाच्या हापिसात चौलचा अनंता कारकून होता. मडमेने निरोपाची भेट म्हणून मला त्याच्या हातात दिलं. अनंताने घरी, बाजारात, कुठेतरी पिकदाण्या पाहिल्या असणारच. पण त्या बुटक्या. एवढी उंच, एवढ्या मानेची, आणि तीही मडमेच्या टेबलावरची, ती पिकदाणी असेल हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. रेवसच्या बोटीत तो मला मांडीवर घेऊन बसला. कुणी विचारलं की छाती फुगवून सांगायचा, "फुलदाणी! साहेबाकडची!"

मी मनात म्हणाले, बाबा रे, निदान हळू तरी बोल.

तर अशी मी या घरी आले. अनंता नोकरीसाठी मुंबईत, घरी त्याची विधवा आई गोदूबाई आणि बायको शकू. शकू खारेपाटातली, रेवसच्या बाजूची. तिच्या माहेरी मिठागरं, जमीन खारट, दारात एक तुळस जगवायची तर मारामार. इथे गोड्या पाण्याची विहीर आणि रहाट बघून पोरगी हरखून गेली. नारळांना पाणी जाणाऱ्या दांडाच्या कडेने तिने मोगरा लावला, अबोली लावली, अनंत लावला. सोनचाफा घरचा होताच. भर वैशाखात सगळा गाव उन्हाने करपलेला असायचा आणि शकूच्या दांडाकाठी पांढरी, केशरी फुलं उमललेली असायची.

गोदूबाईला त्याचं कौतुक नव्हतं. "खारेपाटातल्या पोरीला फुलांचं वेड," ती आल्यागेल्याला सांगायची. मला पाहून तर तिने कपाळालाच हात लावला. "फूल एकतर देवाला, न्हायतर डोक्यात. भांड्यात फुलं कुणी ठेवतं का? ती काय भाजी हाय?"

अनंता पुन्हा मुंबईला गेला, शकू मात्र हटली नाही. रोज सकाळी देवाची फुलं आधी काढून द्यायची आणि उरलेली माझ्यात ठेवायची. मोगऱ्याला देठ नाही, माझ्या लांब मानेत तो उभा राहणार कसा? शकूने नारळाच्या झावळीचे ताठ हीर काढले आणि एकेका हिरावर मोगऱ्याच्या कळ्या टोचल्या. मधोमध सोनचाफ्याची डहाळी, भोवती अनंताच्या झाडाची पानं, कडेने मोगऱ्याचे पांढरे तुरे. मडमेने कोंबलेली फुलं मी पाहिली होती. या मुलीने मला सजवलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण दर वेळी मनात यायचं, पोरी, तू हात कुठे घालतेस तुला ठाऊक नाही.

चौतीस सालचा चैत्र. त्या वर्षी गोदूबाईने जाहीर केलं की घरी गौरीचं हळदीकुंकू करायचं. तिचा नवरा गेल्यापासून या घरात हळदीकुंकू झालं नव्हतं. आता सवाष्ण एकच, शकू. म्हणजे सगळं तिच्या हातून व्हायचं. गोदूबाईने बजावलं, "आळीतल्या बायका उणं काढायला टपलेल्या हायत. खारेपाटातली सून काय करते बघायला येतील. काय कमीजास्त झालं तर पुन्हा या घरात गौर बसायची न्हाय, सांगून ठेवते."

शकू रात्रंदिवस त्याच विचारात. आणि एके दिवशी ती घाबरत घाबरत म्हणाली, "आत्याबाई, आरासीत फुलदाणी ठेवू?"

मला वाटलं गोदूबाई नाही म्हणेल. मी मनोमन प्रार्थना करत होते की तिने नाही म्हणावं. गौरीपुढे मी! उष्ट्याखरकट्यात सगळ्यांत खालचं उष्टं, थुंकीचं भांडं! पण म्हातारी फुलांपुढे पाघळली असावी. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मडमेच्या हातचं हाय. सोवळं करून घेऊ, मंग ठेव."

मग मला चिंचेने घासलं, विहिरीत बुचकळून काढलं, वरून गोमूत्र शिंपडलं. गोमूत्राने मडम गेली असेल. गुणाजीशेट कसे जाणार?

हळदीकुंकवाच्या दिवशी ओटीवर पितळेच्या छोट्या झोपाळ्यावर गौर बसली. अंगणात चैत्रांगणाची रांगोळी. कलिंगडाची कमळं, आंब्याची डाळ, पन्ह्याची घागर. आणि झोपाळ्याच्या शेजारी मी, गळ्यापर्यंत मोगऱ्याने आणि चाफ्याने भरलेली. पुन्हा झोपाळ्यापाशीच! या झोपाळ्यावर मात्र देवी होती. लाजेने मी आणखी पिवळी पडले असेन.

बायका आल्या. पहिल्यांदा सगळ्यांचं लक्ष माझ्याकडेच जायचं. "अगोबाई, ही रीत नवीन!" "मोगऱ्याला देठ कुठून आला?" शकू हिरांची युक्ती सांगायची आणि गोदूबाई लगेच पुढे व्हायची, "आमच्या सुनेनं केलंय." ती 'आमच्या सुनेनं' म्हणाली तेव्हा शकूच्या हातातल्या तांब्यातलं पन्हं सांडलं.

आणि मग गोदूबाईच्या ओळखीची, रेवदंड्याहून आलेली एक बाई पायऱ्या चढली. केस पिकायला लागलेले, हात खरखरीत, अंबाड्यात फूल नाही. मी तिला लगेच ओळखलं. भागुबाई.

ती गौरीला हळदकुंकू वाहायला वाकली. उठताना तोल सावरायला तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि तिचा अंगठा नेमका त्या पोच्यात बसला.

ती तशीच राहिली, अर्धवट वाकलेली. मग तिने माझी मान पाहिली, तोंड पाहिलं, गौरीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मी म्हणाले, झालं. आता ही ओरडणार. ओरडायलाच हवं. तिच्याइतका ओरडायचा हक्क या जगात कुणाला नाही. पण समोर शकू पन्ह्याचा पेला घेऊन उभी होती. तिचे डोळे एवढे आनंदात होते की मला बघवेना.

"काय बघताय, भागुबाई?" गोदूबाईने विचारलं.

भागुबाई सरळ उभी राहिली. "काय न्हाय," ती म्हणाली. "फुलं बघते. कुणी लावली?"

"मीच लावली, मावशी," शकू म्हणाली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण अंगणात खटारा येऊन थांबला होता आणि हिरामण बायकोला न्यायला आला होता. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषांनी यायचं नसतं, पण त्याला कधी कशाची पर्वा होती? तो तडक पायऱ्या चढून ओटीच्या उंबऱ्यावर आला. गाल पानाने फुगलेले. त्याची नजर माझ्यावर पडली. डोळे मोठे झाले. त्याने मला ओळखलं! आनंदाने तो "उं! उं!" करत माझ्याकडे बोट दाखवू लागला. त्याला सगळ्यांना सांगायचं होतं की ही तर बाबांची. पण तोंड भरलेलं. बोलायचं तर आधी थुंकायला हवं, आणि थुंकायला समोर त्याच्या बापाची पिकदाणी उभी. तो मान पुढे काढून दोन पावलं चालून आला. त्याचे ओठ गोल झाले. ते ओठ मला ठाऊक होते. बापाचेच.

मी डोळे मिटले असते, मला पापण्या असत्या तर.

"थांबा!"

भागुबाई त्याच्या आणि माझ्या मध्ये उभी होती.

"ती फुलदाणी हाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण ओटीवरच्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. "शकूची फुलदाणी. तिच्यात थुंकायचं न्हाय."

हिरामण "उं उं" करत पुन्हा माझ्याकडे बोट दाखवू लागला. मग तो अंगणाकडे वळला.

"तिथं चैत्रांगण काढलंय. तिथंबी न्हाय."

"उं?"

"गिळा."

तो बघत राहिला. मला वाटतं लग्न झाल्यापासून तिने त्याला कधी हुकूम केला नव्हता. त्याचे डोळे तिच्यावर, तिचे त्याच्यावर.

"गिळा, अवो," ती म्हणाली. "मी एवढी वरसं तेच करत आले."

आणि हिरामणने गिळलं. सगळं. चुना, कात, तंबाखू, सगळं. मग ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तो छाती चोळत पायऱ्या उतरला आणि खटाऱ्याच्या चाकाला धरून खोकत राहिला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी हसले नाही. मी भागुबाईचे हात पाहत होते.

शकूने तिची ओटी भरली, ओल्या हरभऱ्यांनी. मग गजरा पुढे केला. भागुबाईने मान हलवली.

"गजरा नको, पोरी. त्यातलं एक फूल दे." तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"त्यातलं कशाला मावशी, हा ताजा हाय."

"त्यातलंच."

शकू पुढे झाली, पण भागुबाईने तिला थांबवलं आणि स्वतःच हात घातला. त्याच बोटांनी. माझ्या तोंडातून एक सोनचाफा काढला, बोटं नाकाशी नेली आणि किती तरी वेळ हुंगत राहिली. मग अंबाड्यात खोवला.

निघताना शकूला जवळ ओढून म्हणाली, "पाणी रोज बदल. हिच्या मानेखाली आतून खाच हाय, तिथं साचतं. काथ्या जात न्हाय तिथं. बोटं घालून घासायचं."

"तुमाला कसं ठाऊक, मावशी?"

"असंच," भागुबाई म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

पुढे हिरामणने कुठेच काही सांगितलं नाही. भागुबाईने घरी काय केलं ते मला ठाऊक नाही. तिला पुन्हा कधी मी पाहिलं नाही. मात्र दर चैत्रात रेवदंड्याहून कुणाच्या तरी हाती चाफ्याची एक टोपली शकूकडे येते. पाठवणारीचं नाव कुणी सांगत नाही, शकूही विचारत नाही.

आता माझ्या अंगावर ओरखडे आहेत, तळ झिजला आहे. गोदूबाई गेली, अनंता नोकरी सोडून घरी आला, शकूला मुलं झाली. या घरात मला कुणी पिकदाणी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. तरी माणसाच्या तोंडाची माझी किळस गेलेली नाही, ती जायचीही नाही. कुणी पाहुणा पान खाऊन ओटीवर बसला की अजून माझ्या आतलं पाणी आक्रसतं.

फक्त सकाळी शकू मला विहिरीवर नेते, शिळं पाणी ओतते, दोन बोटं माझ्या मानेत घालून ती खाच घासते, तेव्हा मला बरं वाटतं. ती डोळे मिटत नाही. पलीकडे शिंपलेल्या मातीवर मोगरा गळून पडलेला असतो आणि ती गुणगुणत असते.

माझं एवढंच मागणं आहे. फुलं ठेवाल तर पाणी रोज बदला. आणि तुमच्या घरात कुणी बाई फूल माळत नसेल, तर तिच्या हातांना कशाचा वास येतो ते एकदा विचारा. चला, या आता. जाताना पायरीवर मात्र थुंकू नका.